पांजणीच्या जागेवरची हरळी

आमच्या गल्लीच्या मागे एक लांबट मोकळी जागा आहे. एका अंगाला तेलाच्या घाण्याची भिंत, दुसऱ्या अंगाला नळकोंडाळं, मध्ये ही जागा. भवानी पेठेतले हातमागवाले तिथे पांजणी करतात. पांजणी म्हणजे काय हे सांगणं भाग आहे, कारण ह्याच शहरात जन्म काढून, इथलंच लुगडं नेसून, ते कसं होतं हे कधी न पाहिलेल्या बायका मला रोज भेटतात. मागावर चढवण्याआधी उभं सूत, म्हणजे ताणा, उघड्यावर लांबच लांब ताणून बांधतात. फुलीसारख्या बांधलेल्या बांबूंच्या कैच्यांवर तो कमरेइतका उंच राहतो. मग त्याला खळ लावायची. ती वाळायच्या आत दोघांनी दोन बाजूंनी मोठा कुंचा धरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. मध्येच थांबलात तर खळ धरते, धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो. कापड हातांनी विणतात असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पायांनी विणलेलं असतं.

आणि हे पाय अनवाणी असतात. ताण्यापाशी चपला घालून कोणी जात नाही. बापाने नेल्या नाहीत, आज्याने नेल्या नाहीत, म्हणून कोणी नेत नाही.

आता त्या जागेत उगवत काय होतं? सराटा. जमिनीला चिकटून पसरणारा, पावसाळ्यात पिवळ्या फुलांनी नटणारा, आणि ऊन तापलं की काटेरी फळं जागोजागी सांडून नामानिराळा होणारा. फळ फुटलं की त्याचे तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर. ह्या काट्यांवरून अनवाणी चालत आमची पेठ शहराला नेसवत होती. मला ह्याचा संताप यायचा, अजून येतो.

मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात सुधारणेच्या एका मंडळासाठी पत्रकं लिहिते. माझं माहेर करकंबाकडचं, शेतीवालं. इथे आत्याच्या घरी राहते. आतोबा गिरणीत जातात. आमच्या भिंतीला भिंत लावून एक तेलुगू विणकर जोडपं राहतं. बाईला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्का मला पंतुलम्मा म्हणते, त्यांच्या भाषेत मास्तरीण. तिच्या नवऱ्याला मी दाजी म्हणते, आणि ते मला कधी मास्तरीणबाई तर कधी नुसतंच "छापखाना" म्हणतात.

मागच्या वर्षीच्या चैत्रात अक्काच्या टाचेत सराटा मोडला. सुईने उकरला, तरी थोडा आत राहिला. टाच सुजली, ठसठसू लागली. तरी ती चवड्यावर चालत पांजणीला जायचीच. पण कुंचा दोघांचा असतो. एक लंगडला की दुसऱ्याचा हात तिरका पडतो. त्या महिन्यात त्यांचा एक ताणा अर्ध्यात चिकटला आणि दाजी पहिल्यांदा गप्प झाले. एरवी हा माणूस खळीच्या भांड्याशीही बोलतो.

दोन दिवसांनी ते ओट्यावर बसून म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघायचं. दसऱ्याला घरात मागाची पूजा करायची की माग मोडून लाकडं करायची, ते तेव्हा ठरवू. मी गिरणीत नाव लावतो. हिलाही बायकांच्या खात्यात घेतील."

"मी नाही जाणार," अक्का आतून म्हणाली.

"पाय नाही चालत तर काय करणार? उडणार?"

"इथं माग माझा आहे. तिथं मी मागाची होणार. नाही जाणार म्हणजे नाही."

तो दिवस आणि पुढचा दसरा ह्यांच्यामध्ये जे काही घडलं ते सगळं ह्या एका वाक्यापायी घडलं. कोणी म्हणेल, दुसरी जागा बघायची. कुठे? दुसऱ्या जागा दुसऱ्यांनी धरलेल्या. रस्त्यावर ताणा बांधला तर टांगेवाला घोडा खालून घालायला कमी करत नाही.

मी मला येत होतं ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा, "अनवाणी पायांचा जाब". जागेचा मालक सराफ कट्ट्यापलीकडे राहतो. जागा वापरू देतो म्हणून वर्षातून एकदा पेठेकडून हार घालून घेतो. मी लिहिलं की हार ज्या हातांनी घातला त्यांच्या पायांकडेही एकदा बघा. पत्रक वाटलं गेलं, आणि मालकाचा दिवाणजी खरोखर आला. रुमालाने नाक झाकून त्याने जागा पाहिली आणि अक्काला म्हणाला, "बाई, साधी गोष्ट आहे. पायात चपला घाला."

खरं सांगायचं तर हे मीही अक्काला एकदा विचारलं होतं. सुधारणेचं वारं अंगात भरलं की पहिल्यांदा असलेच प्रश्न सुचतात. तेव्हा तिने मला विचारलं होतं, "देवळात जाताना चपला घालतेस?"

"मी देवळात जातच नाही."

"बरं. पीठ मळताना पाय घालतेस परातीत? चपलेसकट?"

"काहीतरीच काय!"

"मग. चालताना चपलेची धूळ उडते. ओल्या सुताला बसते. सूत म्हणजे खायचंच आहे आमचं."

दिवाणजीला तिने एवढं समजावलं नाही. ती फक्त म्हणाली, "तुमच्या घरात येते साहेब, चपला घालून." दिवाणजी गेला. पण त्याने जाऊन काहीतरी सांगितलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात मालकाने कुदळी-खुरपी घेऊन गडी पाठवले. त्यांनी जागा अशी तासली की भाकरीच्या तव्यासारखी दिसू लागली. गवताची काडी नाही, सराट्याचं पान नाही. पेठेने समाधान मानलं. आमच्या मंडळातले मित्र म्हणाले, पाहा, पत्रकाची ताकद!

मृग लागला, दोन सरी आल्या, आणि त्या तासलेल्या जागेत सराटा नांगरट केलेल्या रानात ज्वारी यावी तसा आला. आधी होता त्याहून दाट. उघडी, उकरलेली माती म्हणजे सराट्याला दिलेलं आमंत्रणच. वरचा तासला, तर खाली वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी उजेडात आलं. जागेचा मालक पुन्हा गडी पाठवायला तयार होता. आणि मग पुन्हा? दर दोन महिन्यांनी जमीन खरवडायची आणि दर दोन महिन्यांनी तिने सूड घ्यायचा! जमिनीला अंगावर काहीतरी पांघरायला लागतं. तुम्ही दिलं नाहीत तर ती मिळेल ते पांघरते.

हे मी आता लिहिते आहे तितकं नीट तेव्हा सुचलं नव्हतं. सुचलं ते नळावर.

नळकोंडाळ्याच्या कडेला, जिथे घागरी भरताना पाणी सांडतं आणि बायका खळीची भांडी धुतात, तिथे हरळी माजली होती. हिरवीगार, गादीसारखी. अक्का पाणी भरायला आली की सुजलेला पाय त्या हरळीवर टेकवून बसायची. थंड लागतं म्हणून. आषाढातली एक सकाळ. ती बसली होती, मी घागर लावली होती, आणि आम्ही नेहमीसारखं सराट्याला शिव्या देत होतो. बोलता बोलता ती हाताने हरळी चाचपू लागली. इकडे, तिकडे, बूड उचलून मागे.

"काय हरवलं गं अक्का?"

"पल्लेरु शोधते," ती म्हणाली. पल्लेरु म्हणजे सराटा. "नाही इथं. एकपण नाही."

मी खाली बसले आणि हरळी बोटांनी फाकवली. मुळांची अशी वीण झाली होती की मातीला उजेड दिसायला जागा नव्हती. हातभर पलीकडे, हरळी संपते तिथे, सराटा पहिल्या रांगेत उभा. जणू आत यायला कोणी मना केलं आहे.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी म्हटलं, "सगळ्या जागेवर ही लावली तर?"

अक्का हसली. मग तिचं हसू थांबलं. मग ती उठली आणि पायाने जागेची लांबी मापत चालू लागली, चवड्यावर.

आता मी शेतकऱ्याची पोर आहे. हरळी लावणं हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ह्याचं मलाच नवल वाटतं. आमच्याकडे काळ्या रानात हरळी शिरली की घरात दुखणं आल्यासारखं वातावरण होतं. म्हणून मी आधी दुसरं सुचवून पाहिलं. गावाकडे मटकी पेरतात ती मला आठवली. मटकीचे वेल जमिनीवर पांघरूण घालतात, खाली तण उठत नाही. अक्काने ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेल पायात येणार की नाही?" येणार. "मी पडले की ताणा पण पडणार." मटकी बाद झाली. पण पुरती नाही. घाण्याच्या भिंतीलगत, जिथे कोणी चालत नाही, तिथे आम्ही मटकीची एक पट्टी पेरली. ती इतकी छान पसरली की धनगराच्या शेळ्यांना दोन गल्ल्या पलीकडून वास आला. शेळ्या हाकलायचं काम दाजींनी अंगावर घेतलं. शेळीला ते तेलुगूत रागावायचे. धनगर म्हणायचा, "तिला मराठीच कळतं, मालक!"

चालायच्या जागेत मात्र हरळी. आम्ही नळाकडून गादीच्या कडा उपटल्या, तुकडे केले, हाताहाताच्या अंतरावर चर पाडून दाबले. पेठेतल्या चार-सहा बायका मदतीला आल्या, निम्म्या मदतीला आणि निम्म्या गंमत बघायला. भांडी धुतलेलं खळीचं पाणी आता नळावर न सांडता चरांत जाऊ लागलं. मध्ये उगवणारा सराटा फुलावर यायच्या आत हाताने उपटायचा, कुदळ लावायची नाही, माती हलवायची नाही, एवढा एक नियम आम्ही केला. गिरणी सुटली की रस्त्याने जाणारे लोक उभे राहायचे. त्यांतले कितीतरी माण-माळशिरसाकडून आलेले, नातेपुत्याच्या बाजारात बैलं विकून इथे लागलेले. त्यांना हसू आवरायचं नाही.

"लोक हरळी काढाया गडी लावत्यात, आन् ह्या लावाया लागल्यात!"

"आता कुंदा बी लावा म्हनावं. आन् सराट्याला खत घाला."

दाजी त्यांना म्हणायचे, "या की, दोन चर पाडा." एकही आला नाही. हरळीला आपल्या हाताने माती द्यायची म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं, की असाच एक माणूस आमच्या घरातही आहे.

आत्या ह्या सगळ्या काळात इथे नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला करकंबाकडे गेली होती. ती आली नागपंचमीच्या आदल्या दिवशी. पाणी भरायला नळावर गेली आणि परत आली ती ओठ मुडपून. जेवताना म्हणाली, "मैदानात हरळी लई माजलीय की गं."

"हो ना!" मी म्हटलं. "काय छान माजली आहे!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरगी शहरात शिकून मोठ्यांची चेष्टा करायला लागली. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी आत्या विळी धरत नाही, चूल सारवत नाही, जमिनीला नखही लावत नाही. तो दिवस तिने कळ काढली.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते. अक्का आणि दाजी सूत आणायला गेले होते. आम्ही तिघंही दुपार कलल्यावर परत आलो, जवळजवळ एकदमच, आणि पाहतो तर नळाच्या बाजूची निम्मी जागा खणून काढलेली. ढेकळं उलथलेली, हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालची मुळं, झटकून एका बाजूला ढीग घातलेला. ढिगाशेजारी आत्या पदर कमरेला खोचून बसली होती, कुदळ मांडीवर आडवी, चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता.

"आलीस व्हय अक्का? घे. तुजं रान निम्मं साफ केलं. उरलेलं उद्या. हरळी उन्हाळ्यात खांदायची असती, पर म्हटलं मुळं अजून कोवळी हायत, आताच गाठावी."

आमच्याकडची रीत अशी आहे, की कोणाच्या रानात हरळी शिरली तर शेजाऱ्याने बोलावण्याची वाट बघायची नसते. आपली कुदळ, आपली भाकरी घेऊन जायचं आणि खांदू लागायचं. आग लागल्यावर कोणी आमंत्रण धाडतं का? आत्या गावाहून आली होती, शेजारणीचा पाय सुजलेला तिने पाहिला होता, शेजारणीच्या जागेत हरळी पाहिली होती. तिच्याजवळ देण्यासारखं जे सगळ्यांत मोठं होतं, अंगातलं बळ, ते तिने दिलं होतं.

हे मला आज दिसतं. त्या दुपारी मी ओरडले.

"आत्या, अगं काय केलंस हे! आम्ही लावली होती ती!"

"काय लावलं हुतं?"

"हरळी!"

"हरळी कुनी लावतं का, येडे?"

"आम्ही लावली. महिनाभर पाणी घातलं. दसऱ्यावर सगळं अडलंय, आणि तू..."

आत्या उठली. मला वाटलं ती रागावणार. पण तिचा आवाज एकदम खाली गेला. "तुला म्हाईत न्हाय, तू ल्हान हुतीस. आमचं वढ्याकडचं रान हरळीनं खाल्लं. तुज्या आतोबांनी मानूस उभा ऱ्हाईल एवढं खांदलं. उन्हाळंच्या उन्हाळं. एक काशी बोटाएवढी ऱ्हायची आन् पावसाला पुन्ना हिरवं. त्यांचं मनच उठलं रानावरनं. गिरनीत का आले ते? हौस म्हनून? ही बया माज्या उंबऱ्यापासनं लांबच ऱ्हाऊ दे म्हनून मी शहरात आले, आन् ही माज्या आदी येऊन नळावर बसलीय!"

 दाजींनी सुताचं गाठोडं खाली ठेवलं. अक्का त्या ढेकळांत उतरली, लंगडत आत्याजवळ गेली, आणि तिच्या हातातली कुदळ काढून घेऊन भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "आत्या, तुमचं पीक कुठं येतं?"

"कुठं म्हंजे? मातीत."

"म्हणून गरिका तुमचा दुश्मन. तुमचं खाते ती." गरिका म्हणजे हरळी. अक्काने हात कमरेशी आडवा धरला, ताणा असतो तितक्या उंचीवर. "आमचं पीक इथं येतं. वारा खातं, ऊन खातं. खाली मातीत आमचं काय आहे? पाय आहे फक्त." आणि ती तशीच ढेकळावर बसली, टाच वर करून आत्याला दाखवली.

आत्याने टाच दोन्ही हातांत धरली. खूप वेळ तिने ती दाबून, वळवून पाहिली. मग नळाकडच्या जुन्या गादीकडे पाहिलं, जिथे तिची कुदळ अजून पोचली नव्हती. तिथे जाऊन तिने हरळीत हात फिरवला, अक्काने फिरवला होता तसाच. परत आली.

"सराटा न्हाय तितं," ती म्हणाली. पुन्हा स्वतःशीच म्हणाली, "न्हायच की."

मग ती ढिगाकडे वळली आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "बसलायसा काय सगळी? ही उन्हात वाळली तर मरंल. अजून जित्ती हाय. ए छापखाना, गोनपाट आन आन् भिजव!"

दाजींचं ठेवलेलं नाव तिच्या तोंडी कधी गेलं होतं मला ठाऊक नाही. मी गोणपाट भिजवून आणलं, ढीग झाकला. आत्याने विळी मागवली. काशांचे बोटाबोटाएवढे तुकडे करायला बसली, प्रत्येक तुकड्यावर एक-दोन डोळे राहतील असे. मध्येच थांबून म्हणायची, "जल्मभर सांगत आले, बोटाएवढी बी ऱ्हाऊ द्यू नका. आन् आता बगा काय करतीया मी." दाजी म्हणाले, "आत्या, गावाला कळवू का?" आत्या म्हणाली, "कळवून तर बग, तुजा तानाच कापते."

आम्ही लावताना ढोबळ तुकडे दाबले होते, वरच्या वर. आत्याच्या खांदणीने माती खोलवर भुसभुशीत झाली होती, आणि त्यात दडलेले सराटेही तिने काशांबरोबर वेचून बाहेर टाकले होते. तिच्या मते आमचे चर म्हणजे पोरखेळ. अक्काच्या मते आत्याचे चर फार खोल. दोघी भांडल्या, एक चर हिच्या मताने, एक तिच्या मताने असा तोडगा निघाला. कोणाचे चर आधी हिरवे झाले ह्यावर अजून वाद आहे. मी त्यात पडत नाही. श्रावण बरा बरसला, खळीचं पाणी रोजचं होतं. हरळीने धागे सोडले, धाग्यांनी मुळं धरली, आणि उघडी माती दर आठवड्याला थोडी थोडी दिसेनाशी झाली.

मग गणपती आले. हरळी म्हणजेच दुर्वा, आणि शहरातल्या भाविकांना शोध लागला की भवानी पेठेत दुर्वा आहेत. सकाळी पाहावं तो परड्या घेऊन माणसं हजर. सोवळी नेसलेले दोन गृहस्थ हरळी मुळासकट ओढत होते. मला इतका राग आला की मी मनात पत्रकाचा मथळाही तयार केला: ज्या जागेकडे वर्षभर नाक झाकून पाहायचं, तिथूनच देवाची पत्री! पण मला तोंड उघडावं लागलं नाही. आत्या आधीच तिथे पोचली होती.

"ओ महाराज! वरचं शेंडं घ्या, तीन पानांचं. देवाला तेवढंच लागतं. मूळ कशापायी उपटताय? देव मूळ खातो व्हय?"

"बाई, ही काय तुमची बाग आहे?"

"व्हय. मी लावलीय."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसला नाही. अक्का मागे उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

दसऱ्याच्या आधी थोडे दिवस दाजींनी ताणा बांधला. खरं तर जागा अजून पुरती झाकली नव्हती. घाण्याकडच्या टोकाला, मटकी आणि हरळी ह्यांच्यामध्ये, एक ओबडधोबड तुकडा उघडा होता आणि तिथे सराटा होताच. तो आजही थोडा आहे. एका पावसाळ्यात जमीन बरी होते असं जो सांगेल तो खोटं सांगेल. अक्काची टाचही पुरती बरी नव्हती, पण सूज उतरली होती. दाजींनी कैच्या त्या उघड्या तुकड्याच्या अलीकडे घेतल्या. ताणा जरा आखूड झाला. आखूड तर आखूड.

खळ लावली. दोघांनी कुंचा धरला. अक्काने पहिलं पाऊल चवड्यावर टाकलं, इतक्या महिन्यांची सवय. दुसरंही चवड्यावर. तिसऱ्या की चौथ्या पावलाला तिची टाच आपोआप खाली आली आणि हरळीत रुतली. ती थांबली नाही. पांजणीत थांबता येत नाही. ती चालत राहिली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळली, परत आली. दाजी ताण्याच्या पलीकडून तिच्या पायांकडे बघत होते, सुताकडे नाही.

"सुताकडं बघा," ती त्यांना म्हणाली.

"सूत कुठं पळतंय?" दाजी म्हणाले. आणि मग ते बोलतच राहिले; खळीशी, कुंच्याशी, ताण्याशी, भिंतीपलीकडच्या शेळ्यांशी. चैत्रापासून साठलेलं सगळं. अक्काने त्यांना दोनदा गप्प बसवलं आणि तिसऱ्यांदा बसवलं नाही.

त्या संध्याकाळी गिरणीत नाव लावण्याबद्दल कोणी काही काढलं नाही. मी विचारणार होते. मला गोष्ट स्पष्ट शब्दांत वदवून घ्यायची खोड आहे. आत्याने मला कोपर मारलं.

दसऱ्याला माग धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजला गेला. अक्काने झेंडूबरोबर हरळीची एक जुडी मागाच्या लाकडावर ठेवली. आत्या शेजारी उभी होती. ती जुडीकडे बघत राहिली. शेवटी तिने पुढे होऊन ती उचलली, तिचं मूळ चिकटलेलं होतं ते नखाने खुडून टाकलं, आणि जुडी परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला गावाला जायचं होतं, माहेरच्या ज्वारीच्या पेरणीला. जाण्याआधी ती पांजणीच्या जागेत एक चक्कर मारून आली. मग आमच्या ओट्यावर बसून तिने लुगड्याचा काठ उलटा केला, बोटांनी वीतभर वीतभर तपासला, झटकला. पाय नळाच्या पाण्याने धुतले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. चपला आपटल्या. गाठोडं सोडून त्याच्या तळाशीही हात घालून पाहिला.

"काय शोधतेस आत्या?"

"काशी. एकादी चिकटून यायची की." तिने गाठोडं पुन्हा बांधलं, उचललं आणि मैदानाकडे बोट केलं. "तिला सांग, हितं ऱ्हा, सुखानं ऱ्हा. गावाकडं मातर येऊ नगंस."

भिंतीपलीकडे अक्काच्या घरात माग सुरू झाला होता. आत्या क्षणभर ऐकत उभी राहिली आणि मग स्टेशनकडे निघाली, हमरस्त्याने. मैदानातून जवळ पडतं, पण ती तिथून गेली नाही.